आरादेनाच्या काकांना, आडव्या घातलेल्या काठीबद्दल

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. लिहू का, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तुमच्या गावात उरलेली माणसं इतकी मोजकी, की ‘आरादेनाचे काका’ एवढ्यावरही कुणी ओळखेल.

आभार मानायचे आहेतच, पण त्याआधी एक कबुली. ती चारचौघांतच द्यायला हवी, म्हणून हे पत्र उघडं. गेलं वर्षभर मी आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये, लग्नाकार्यात, लोकलमध्येसुद्धा एक गोष्ट सांगत आलेय: “डोंगरावर ढग दिसले, तेव्हा आम्ही म्हटलं, घळीत उतरायला नको, आणि मागे फिरलो.” ऐकणारे मान डोलावतात. अनुभव बोलतो, म्हणतात. काका, साफ खोटं आहे ते. आम्ही फिरलो नव्हतो, तुम्ही आम्हाला फिरवलंत. आणि मी त्या वेळी तुम्हाला काय म्हटलं तेही पुढे सांगते.

आम्ही दोघी बहिणी ऑक्टोबरात ग्रीसच्या क्रीट बेटावर आलो ते चालण्यासाठी. क्रीट म्हटलं की निळं पाणी आणि समुद्रकाठच्या खुर्च्या डोळ्यांसमोर येतात, पण तुमचा स्फाकियाचा दक्षिण किनारा त्यातला नाही. लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, 2453 मीटरपर्यंत चढतात आणि तिथून जे खाली येतात ते थेट लिबियन समुद्रात. मध्ये रस्ता न्यायला जागाच नाही. आया रुमेली आणि लूत्रो या गावांना अजूनही होडीनं जायचं नाहीतर पायी. मला हे वाचूनच भुरळ पडली होती.

पहिल्या दिवशी समारियाची घळ उतरलो. हान्या शहरातून पहाटेची बस, ओमालोसच्या पठारावर कडाक्याची थंडी, आणि मग सुमारे 1200 मीटरवरून समुद्रापर्यंत 16 किलोमीटर उतार. बरोबर शेकडो लोक होते, त्यामुळे एकांत वगैरे विसरा. मध्ये समारिया हे रिकामं गाव लागतं. 1962 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या लोकांना उठावं लागलं. एका घराच्या उंबऱ्याशी बसून आम्ही दशम्या खाल्ल्या, तेव्हा जरा चोरट्यासारखं वाटलं. पुढे ‘लोखंडी दरवाजे’ म्हणतात ती जागा येते. दोन्ही बाजूंना भिंती आभाळाला भिडलेल्या आणि मधली वाट चारेक मीटर. बहीण म्हणाली, “सांदणच आहे की!” सांदण दरी आमच्याकडे भंडारदऱ्याजवळ आहे. मी तिथे लोकांना घेऊन जाते. हे लक्षात ठेवा काका, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी आया रुमेलीहून किनाऱ्यानं लूत्रोला. पाइनच्या सावलीतून वाट, मग पुळणीवर एकटंच उभं असलेलं संत पॉलचं दगडी देऊळ, मग ऊन आणि ऊन. त्या दिवसाबद्दल इतकंच, की पाणी कमी नेलं होतं आणि दोघी एकमेकींशी चार तास बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे. लूत्रोहून अनोपोलीची चढण म्हणजे नागमोडी फरसबंदी वाट, खेचरांसाठी घातलेली. घोट्यापर्यंत रानओवा, वास नुसता. वरच्या पठारावर चौकात दास्कालोयानिसचा पुतळा आहे. 1770 मध्ये तुर्कांविरुद्ध उठलेला हा अनोपोलीचा माणूस. त्याला पुढल्या वर्षी जिवंत सोलून मारलं. आम्ही ज्या विमानतळावर उतरलो त्याला त्याचंच नाव आहे हे तिथे कळलं. रस्त्यावरच्या पाट्यांना गोळ्यांची भोकं होती. बहीण म्हणाली, “इथे लोक जरा तापट दिसतात.” आम्ही हसलो, आणि आरादेनाच्या पुलाकडे निघालो.

पूल 1986 चा, लोखंडी, वर लाकडी फळ्या. गाडी गेली की फळ्या अशा खडखडतात, जणू कुणी पत्र्यावर नारळ ओततंय. खाली 138 मीटर घळ. पलीकडे तुमचं गाव, निम्म्याहून अधिक घरांची छपरं गेलेली. जुन्या वैरातून लोक गाव सोडून गेले असं सांगतात. मी त्याबद्दल तुम्हाला विचारलं नाही, तुम्हीही काढलं नाहीत.

घळीत उतरायचं आणि तळातून चालत समुद्राला लागायचं, असा आमचा बेत. वर आभाळ निळं, ढगाचा ठिपका नाही. वाटेच्या तोंडाशी तुम्ही शेळ्यांना पाणी पाजत होतात. काळा सदरा, डोक्याला बारीक गाठींची झालर असलेला काळा जाळीदार रुमाल, हातात वाकड्या मुठीची काठी. मी नकाशावर बोट ठेवून, पाठ केलेल्या शब्दात विचारलं, “फारांगी?”, म्हणजे घळ? तुम्ही म्हणालात, “ओही.” आणि हनुवटी वर उचलून च्‍ केलंत.

आता बघा. तुमच्यात ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी कानाला पहिला शब्द नकार वाटतो आणि दुसरा ‘ओके’. आदल्या रात्रीच खानावळीत आम्ही यावर हसून घेतलं होतं, सकाळी विसरलो. मान वर गेली ती मला ‘जा की’ वाटली. त्या च्‍चा अर्थ मात्र कळायला हवा होता. माझी आजी नकार याच आवाजात द्यायची, तोंडातून शब्द न काढता.

आम्ही ‘एफारिस्तो’, म्हणजे धन्यवाद, म्हणून उतरायला लागलो. तीन वळणं गेली असतील, मागून शीळ. मग दगड घरंगळल्याचा आवाज, आणि सत्तरीच्या पुढचे तुम्ही तोल न जाता वाट सोडून सरळ खाली आलात आणि पुढ्यात उभे राहिलात. काठी आडवी धरलीत. दोन्ही हातांनी, रेल्वेचं फाटक पडतं तशी.

मी बहिणीला मराठीत म्हणाले, “म्हातारा फार आगाऊ दिसतोय. पैसे हवे असतील.”

तुम्ही काठीनं वर दाखवलंत. आमच्या डोक्यावर नाही, उत्तरेला, घळ जिथून सुरू होते तिकडे. शिखरांवर काळंभोर होतं. घळीत पाणी येतं ते वरच्या आभाळातून नाही, पाणलोटातून. पाऊस कुठेतरी मैलोगणती दूर पडतो, तो उघड्या चुनखडीवरून धावत एका अरुंद फटीत गोळा होतो, आणि तुम्ही तळाशी उन्हात टोपी घालून चाललेले असता. हे मी सांदणच्या प्रत्येक बॅचला ओरडून सांगते. त्या दिवशी माझ्या डोक्यात हे आलंच नाही. परक्या मुलखात गेलं की आपली अक्कल बॅगेत कुलूप लावून ठेवतो की काय कोण जाणे.

आम्ही फणकाऱ्यानं वर आलो. तुम्ही बोलला नाहीत, आमच्या मागोमाग पुलापाशी येऊन बसलात. जणू पहाराच. दीडेक तास आम्ही दाणे खात, चिडून बसलो. मग तुम्ही बोट वर केलंत. ऐका.

आधी आवाजच आला. डंपर खडी ओततो ना, तसा, पण न थांबणारा. आम्ही पुलाच्या मधोमध जाऊन वाकलो. तळात पांढऱ्या गोट्यांची कोरडी वाट होती. तिच्यावरून तपकिरी पाणी वळण घेऊन आलं. एवढ्या उंचीवरून धोतराच्या काठाएवढं दिसत होतं, पण त्यात एक आख्खं झाड काडीसारखं फिरत होतं. बहिणीनं माझा दंड धरला. आम्ही निघालो होतो त्या वेळेप्रमाणे तेव्हा कुठे असतो, याचा हिशेब दोघींनी मनातल्या मनात केला. मोठ्यानं अजून केलेला नाही.

नंतरचं सगळं मला फार जवळून आठवतं. काकूंचं स्वयंपाकघर, ओट्यावर पिठाचा गोळा. त्यात मिझिथ्राचं, म्हणजे तुमच्या मऊ पांढऱ्या चीजचं, सारण भरून काकू तो हलक्या हातानं लाटत होत्या आणि तव्यावर टाकत होत्या. पुरणपोळी, काका! वरून तुपाऐवजी मध, एवढाच फरक. मी लाटणं मागितलं. काकूंनी माझ्याकडे संशयानं बघून दिलं. माझी पहिली फुटली, चीज तव्यावर चरचरलं, आणि काकू पहिल्यांदा हसल्या. दुसरी जमली. तुम्ही तीच मागून घेतलीत.

मग तुम्ही नातीला फोन लावलात, तिला इंग्रजी येतं म्हणून. स्पीकरवर ती म्हणाली, “आजोबा विचारतायत, तुमच्या देशात डोंगर नाहीत का?”

मी म्हटलं, आहेत.

तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही थोडा वेळ माझ्या महागड्या बुटांकडे बघितलंत. मग काहीतरी बोललात. ती हसली, पण त्याचं भाषांतर तिनं केलं नाही. मीही मागितलं नाही.

पैसे पुढे केले तेव्हा पुन्हा हनुवटी वर आणि च्‍. आता कळलं. मग बॅगेच्या तळाशी तिळाची चिक्की होती ती दिली. तुम्ही चावलीत आणि काकूंना म्हणालात, “पास्तेली!” तुमच्याकडे तीळ आणि मध, आमच्याकडे तीळ आणि गूळ. दोन मिनिटांत पाकीट संपलं. संध्याकाळी तुम्ही पिकअपमध्ये मागे दोन शेळ्या, पुढे आम्ही दोघी, असं अनोपोलीला सोडलंत, कारण स्फाकियाच्या बंदरातून लूत्रोला जाणारी शेवटची होडी केव्हाच गेली होती. पुलावर फळ्या खडखडल्या. तुम्ही खाली बघितलं नाहीत, आम्हीही नाही.

तर काका, हे सगळं झालं आणि घरी परतल्यावर मी त्यातून तुम्हालाच वगळलं. फोटो दाखवताना पोळी आली, पूल आला, तुमची काठी नाही आली. ट्रेक लीडर म्हणवते, आणि एका शेळ्या राखणाऱ्या माणसानं हात धरून वर आणलं हे सांगायला जीभ रेटली नाही. कारण इतकंच, त्यापलीकडे काही नाही.

गेल्या रविवारी ग्रुपमध्ये खरं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एकानं विचारलं, “म्हणजे सांदणला तू सांगतेस ते...” मी म्हटलं, हो, तेच. येत्या मे महिन्यात त्यांतले सहा जण तुमच्याकडे येतायत. त्यांना ‘ओही’चा अर्थ लिहून दिलाय. चिक्कीचा किलोचा डबाही त्यांच्याबरोबर आहे, अर्धा काकूंचा. हे पत्र ते तुमच्या नातीला इंग्रजीत समजावून सांगतील. तिनं ‘आगाऊ’ शब्दापाशी अडखळू नये. तो शब्द मी तुमच्यावरून काढून घेतलाय आणि योग्य जागी लावलाय.

आपली आगाऊ पुतणी,
डोंबिवली