पाचारण असले तरी चौकशी हवीच

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने परदेशी दत्तक दिलेल्या मुलांसंबंधीचे आपले निष्कर्ष मार्च 2025 मध्ये जाहीर केले. त्याच्या आदल्या वर्षी चीनने नात्यातील मुलांचे काही अपवाद सोडून परदेशी कुटुंबांना मुले दत्तक देणे थांबवले. या घडामोडींकडे बहुधा सरकारी धोरणाचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबे सुरुवातीपासून मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकांची प्रेरणा उघडपणे धार्मिक आहे. म्हणून या प्रश्नाची चर्चा श्रद्धेच्या अंगानेही व्हावी, आणि ती आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आधी करावी, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातले शेतकरी हॅरी होल्ट आणि त्यांच्या पत्नी बर्था यांनी 1955 साली, कोरियन युद्धानंतर निराधार झालेली आठ मुले दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला होता. या दांपत्याच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. पण त्यांच्या उदाहरणाने जी वाट पडली, तिच्यावरून 1999 पर्यंत एकट्या कोरियातून सुमारे 1 लाख 40 हजार मुले परदेशी गेली, आणि आयोगाला त्या कागदपत्रांत जे आढळले ते वाचून मन सुन्न होते. आईवडील हयात असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली, जन्मदात्यांची संमती रीतसर घेतली गेली नाही, काही वेळा तर एका मुलाच्या नावाच्या कागदांवर दुसरेच मूल रवाना झाले. दुसऱ्या टोकाला असलेल्या अनेक कुटुंबांना याची गंधवार्ताही नव्हती. त्यांनी प्रार्थना केली होती आणि हाती आलेला कागद खरा मानला होता.

आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, दत्तकाचा विषय निघाला की ‘पाचारण’, म्हणजे देवाचे बोलावणे, हा शब्द हमखास येतो. प्रभूने हे मूल आमच्यासाठीच राखून ठेवले आहे, असे पती-पत्नी साक्षीत सांगतात. मग गृहभेटीचा अहवाल, वैद्यकीय दाखले, पोलिसांचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचे पुरावे, पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, शिफारसपत्र अशी फाइल तयार होते, ती परदेशात जाते, आणि महिने उलटले तरी उत्तर येत नाही. प्रार्थनासभेत सगळे मिळून विनवणी करतात की, हे प्रभू, अडथळे दूर कर. त्या विनवणीतली तळमळ मी जाणतो. अनाथालयात काढलेला प्रत्येक महिना मुलाच्या वाढीला महागात पडतो, हेही खरे आहे. तरीही ज्याला आपण अडथळा म्हणतो, तो कधी कधी मुलाच्या आईचा, मावशीचा, आजीचा शोध घेण्यासाठी ठेवलेला काळ असतो. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या 1993 च्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराने तो जाणूनबुजून ठेवला आहे. मुलाला स्वतःच्या देशात घर मिळू शकते का, हे आधी तपासावे, आईची संमती बाळ जन्मल्यावरच आणि कोणत्याही दबावाशिवाय किंवा मोबदल्याशिवाय घ्यावी, या व्यवहारातून कोणी गैर पैसा कमावू नये, असे हा करार बजावतो. यातली एकही अट ख्रिस्ती विवेकाला परकी नाही. तेव्हा लवकर होऊ दे, या प्रार्थनेच्या आधी खरे ते समोर येऊ दे, ही प्रार्थना व्हायला हवी.

दत्तकावरील उपदेशांत सर्वाधिक वाचले जाणारे वचन म्हणजे बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे 27 वे वचन. देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण कोणते, हे सांगताना याकोब अनाथ आणि विधवा यांची नावे एका दमात घेतो. आम्ही मात्र अर्धे वचन उचलले आणि विधवेला मागे ठेवून अनाथाला घेऊन आलो. युनिसेफने 2015 साली जगातील अनाथ मुलांची संख्या सुमारे 14 कोटी सांगितली होती. त्यांपैकी आईवडील दोघेही गमावलेली मुले जवळपास दीड कोटी होती आणि बाकीच्यांची आई किंवा वडील हयात होते. हा आकडा व्यासपीठावरून सांगताना त्याची फोड क्वचितच सांगितली जाते. हैतीमध्ये जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर दहा अमेरिकी बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना 33 मुलांसह सीमेवर अडवण्यात आले, तेव्हाही ती मुले अनाथ नसल्याचे पुढे आले. हलाखीत सापडलेल्या पालकांनीच, मुलांना शिक्षण आणि पोटभर अन्न मिळेल या आशेने, ती सोपवली होती. अशा आईला भाड्याचे, औषधाचे किंवा शिवणयंत्राचे पैसे दिले असते तर मूल तिच्याजवळच राहिले असते का, हा प्रश्न दत्तकासाठी निधी उभारणाऱ्या प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारला पाहिजे.

पवित्र शास्त्रात दत्तकाच्या कथा आहेत आणि त्या आमच्या साक्षींपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत. मोशेला फारोच्या कन्येने मुलगा म्हणून वाढवले, पण बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात त्याची सख्खी आई कुठेही पुसली गेलेली नाही. राजकन्येकडून वेतन घेऊन तीच त्याला दूध पाजते. मोठा झाल्यावर तो राजवाड्यातून बाहेर पडून आपल्या भाऊबंदांकडे जातो आणि त्यांचे कष्ट पाहतो. परदेशात वाढलेली दत्तक मुले आज नेमके हेच करीत आहेत. ती डीएनए चाचण्या करतात, जुन्या नोंदी मागतात, जन्मगावी जाऊन येतात. त्याला कृतघ्नपणा म्हणणाऱ्या ख्रिस्ती पालकांनी तो अध्याय पुन्हा वाचावा. शिवाय ‘देवाने तुला आमच्यासाठीच निर्माण केले’ हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीच्या कानाला कसे लागत असेल, याचाही विचार व्हावा. त्याचा अर्थ तिने असा घेतला की देवानेच माझी आई माझ्यापासून तोडली, तर तो दोष तिचा नाही.

प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना दत्तकपणाचा आत्मा मिळाल्याचे सांगतो आणि लगेच वारशाबद्दल बोलतो. त्या चित्रात आपण सारे दत्तक गेलेले आहोत. दत्तक घेणारा फक्त देव आहे, त्यामुळे तारणकर्त्याची जागा आपल्याला तिथे नाही. आणि वारसा म्हणजे पूर्ण हक्क. अमेरिकेत 2000 साली झालेल्या कायद्याने परदेशातून आलेल्या बहुतेक दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले, पण फेब्रुवारी 2001 पर्यंत ज्यांनी अठरा वर्षे पूर्ण केली होती ते त्यातून वगळले गेले. ज्यांच्या पालकांनी वेळीच अर्ज केला नव्हता, त्यांतील काहींना प्रौढ वयात, भाषाही येत नसलेल्या जन्मदेशात परत पाठवण्यात आले. मुलासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करायची आणि त्याच्या नागरिकत्वाचा अर्ज मात्र राहू द्यायचा, याला मी श्रद्धा म्हणू शकत नाही.

आंतरदेशीय दत्तक सरसकट बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. वय वाढलेली, अपंगत्व किंवा गंभीर आजार असलेली, आपल्या देशात कोणीच न स्वीकारलेली मुले आहेत, आणि त्यांना घरी आणून शस्त्रक्रियांपासून रात्रीच्या जागरणांपर्यंत सारे निभावणारी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अमेरिकेत 2004 साली सुमारे 23 हजार मुले परदेशातून आली होती. 2023 मध्ये ही संख्या 1,300 च्याही खाली होती. जी थोडी प्रकरणे आता होतील, त्यांत तरी मंडळ्यांनी निव्वळ आशीर्वाद देऊन थांबू नये. संस्थेला मिळणारा पैसा कुठे जातो याचा तपशील लेखी मागावा. मुलाच्या मूळ नोंदींची प्रत पालकांनी पहिल्या दिवसापासून जपावी, यासाठी आग्रह धरावा. दत्तकासाठी जितके दान गोळा होईल तितकेच, मूल आईपाशी राहावे म्हणून झटणाऱ्या कामाला द्यावे. आणि पाळकांनी शिफारसपत्र लिहिताना त्या घरात ऐकले, पाहिले ते खरेखुरे लिहावे. कुटुंब तयार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, मग ते कुटुंब मंडळीतले कितीही सन्मान्य असो.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक