कॅमलला ‘वगैरे’मध्ये ढकलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकवर (म्हणजे सत्तरच्या दशकातलं लांब रचनांचं रॉक) पानभर लेख आला, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळालेली मी तरी पहिल्यांदाच बघितली. पिंक फ्लॉइड आले, जेनेसिस आले, येस, किंग क्रिमसन, सगळे आले, फोटोही मस्त होते. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ‘त्या काळात कॅमल वगैरे बँडही होते’, आणि माझा जीव तिथंच अडकला. आज चार दिवस झाले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र.

त्याच लेखात असंही लिहिलंय की हे संगीत बुद्धीनं ऐकायचं असतं, अवघड ताल, वीस-वीस मिनिटांची गाणी, वाजवणाऱ्यांची कसरत, सामान्य माणसाला त्यात काही सापडत नाही. येसचं माहीत नाही, त्यांच्या चाहत्यांनी बोलावं. पण कॅमलचं संगीत ज्यानं एकदा नीट ऐकलंय तो हे वाक्य लिहूच शकणार नाही.

मी हा बँड ऐकला १९८८ साली, सांगलीत, हॉस्टेलवर. एका सीनियरकडून कॉपी करून घेतलेली कॅसेट होती, वर नाव नाही, गाण्यांची यादी नाही, काही नाही. लाइट गेलेले होते, सेलवरचा टेप होता आणि सेल उतरत आलेले म्हणून आवाज एकदम बारीक ठेवलेला. एका बाजूला जेवढं होतं तेवढं सगळं ऐकलं आणि त्यात एकही शब्द नव्हता! शब्द कधी येतील म्हणून मी वाट बघत होतो पण ते आलेच नाहीत, सगळं काम गिटार, बासरी, कीबोर्ड, ड्रम्स यांचं, आणि तरी शेवटी घसा दाटून आला होता. इंग्रजी गाणी मला तेव्हा अर्धी कळायची नाहीत, शब्द पकडण्यातच सगळा वेळ जायचा, इथं पकडायला काही नव्हतंच. पुढं सुट्टीत घरी तीच कॅसेट लावली, आई भाजी निवडत होती, दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडं एक छोटासा तुकडा येतो, एकट्या कीबोर्डवरचा, दोन मिनिटांचासुद्धा नसेल, तो ऐकून तिनं हात थांबवले आणि विचारलं, ‘कोण गेलं रे यात?’

आईला रॉक हा शब्दही माहीत नव्हता. आणि तिचं बरोबर होतं. तो अल्बम होता ‘द स्नो गूज’, १९७५ चा. पॉल गॅलिको या लेखकाच्या एका छोट्या कादंबरीवर तो बेतलाय. इंग्लंडच्या एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत एका ओसाड दीपगृहात रायडर नावाचा एकटा, शरीरानं अपंग असलेला चित्रकार राहत असतो, फ्रिथा नावाची लहान मुलगी जखमी झालेला पांढरा हंस घेऊन त्याच्याकडं येते, तो त्या पक्ष्याला बरं करतो, दोघांची मैत्री होते, आणि मग १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्सच्या डंकर्कला अडकलेल्या सैनिकांना सोडवायला तो आपली छोटी होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. आई ज्या तुकड्याला थांबली त्याचं नाव आहे ‘फ्रिथा अलोन’. फ्रिथा एकटी. म्हणजे कुणी गेलंय हे एका बाईला गोष्ट माहीत नसताना, भाषा माहीत नसताना, नुसत्या सुरांवरून कळलं. याला बुद्धीनं ऐकायचं संगीत कसं म्हणायचं सांगा.

याची बांधणी पण बघण्यासारखी आहे. प्रत्येक पात्राला आपली एक धून आहे, रायडरची वेगळी, फ्रिथाची वेगळी, हंसाची वेगळी, आणि त्या धुनी परत परत येतात पण दर वेळी परिस्थिती बदललेली असते. फ्रिथाची धून आधी गिटारवर येते तेव्हा ती लहान पोर आहे, बुजरी, आणि शेवटी तीच धून एकटी कीबोर्डवर येते तेव्हा तेच स्वर, पण आता त्यात माणूस गेलेलं आहे. सुरुवातीला दलदल, शेवटीही तीच दलदल, मधे दोन माणसं आणि एक पक्षी येऊन गेले. गॅलिकोची पुस्तकाच्या वापराला हरकत होती म्हणून कव्हरवर ‘म्युझिक इन्स्पायर्ड बाय’ (म्हणजे त्यावरून सुचलेलं संगीत) असे शब्द टाकावे लागले. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी तो पूर्ण वाजवला, ते रेकॉर्डिंग पुढं १९७८ च्या ‘अ लाइव्ह रेकॉर्ड’मध्ये आलं. एकही शब्द नसलेला अल्बम ब्रिटनच्या चार्टवर २२ व्या नंबरपर्यंत गेला, हे ‘वगैरे’ला जमणारं काम नाही.

बँड सुरू झाला १९७१ मध्ये, लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या गिल्डफर्डच्या पोरांपासून. गिटार आणि बासरी वाजवणारा अँडी लॅटिमर, ड्रमर अँडी वॉर्ड, बेसवर डग फर्ग्युसन, आणि कीबोर्डवर पीटर बार्डन्स, जो या तिघांपेक्षा अनुभवी होता, गायक व्हॅन मॉरिसनच्या ‘देम’ या बँडमध्येही थोडे दिवस वाजवून आलेला. पहिला अल्बम १९७३ चा, तो फार चालला नाही, रेकॉर्ड कंपनी बदलली, मग १९७४ मध्ये ‘मिराज’. त्यातलं ‘लेडी फँटसी’ जवळजवळ १३ मिनिटांचं आहे आणि मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल, पण १३ मिनिटं झाली असं एकदाही वाटलेलं नाही, कारण त्यात आधी धून आहे, बाकी सगळं धुनीच्या मागून येतं. १९७६ चा ‘मूनमॅडनेस’ तर १५ व्या नंबरपर्यंत गेला. तो आधी ऐका म्हणतो मी, ‘स्नो गूज’च्या आधी हवं तर, विशेषतः शेवटचं ‘लूनर सी’, ज्यात वॉर्डचे ड्रम्स ऐकताना लय कुठून येते आणि कुठं वळते ते कळत नाही पण पाय आपोआप चालतो.

त्यानंतर माणसं जायला लागली. फर्ग्युसन १९७७ ला गेला, कॅरव्हॅन बँडचा रिचर्ड सिंक्लेअर आला, सॅक्सोफोनवर मेल कॉलिन्स आला, १९७८ च्या ‘ब्रेथलेस’नंतर बार्डन्स गेला. काळही बदलला होता, पंक म्हणजे छोट्या, धसमुसळ्या गाण्यांचं रॉक आलेलं, लांब गाणी म्हटली की लोक नाकं मुरडायचे. तरी १९७९ च्या अल्बममध्ये शेवटी ‘आइस’ आहे, दहा मिनिटं, शब्द नाहीत, आणि लॅटिमरची गिटार त्यात जी काय बोलते ना! आपल्याकडं मींड घेताना एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी जागा गळ्यातून दिसते, तसं तो तार ओढून करतो, घाई नाही, जोर दाखवणं नाही, एक स्वर धरून ठेवतो आणि त्याचं वजन पूर्ण पडलं की मगच सोडतो. नाट्यसंगीत ऐकून वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

१९८१ मध्ये ‘न्यूड’ आला. हिरू ओनोडा या जपानी सैनिकाच्या खऱ्या गोष्टीवरून सुचलेला, जो दुसरं महायुद्ध संपलंय हे न मानता फिलिपिन्सच्या जंगलात १९७४ पर्यंत राहिला. त्याच वर्षी वॉर्डचंही वाजवणं थांबलं (पुढं तो १९८३ मध्ये थोडे दिवस मॅरिलियन या बँडमध्ये दिसला) आणि मूळ चौघांतला एकटा लॅटिमर उरला. कंपनीला हिट सिंगल हवं होतं, १९८२ च्या अल्बमचं नावच ‘द सिंगल फॅक्टर’, तो मला कॅमलचा सगळ्यात कमी आवडतो, हे मी चाहता असूनही सांगतो. पण १९८४ चा ‘स्टेशनरी ट्रॅव्हलर’ बर्लिनच्या भिंतीवर आणि तिच्या दोन बाजूंना तुटलेल्या माणसांवर आहे, आणि त्यातलं त्याच नावाचं वाद्यसंगीत ऐकून ज्याला काही होत नाही अशा माणसाला मी अजून भेटलेलो नाही.

त्यानंतर कंपनी सुटली. लेखात कॅमलबद्दल पुढं एक ओळ जरी लिहायची तरी इथली लिहायला हवी होती. लॅटिमर इंग्लंड सोडून कॅलिफोर्नियाला गेला, तिथं स्वतःचं लेबल काढलं, ‘कॅमल प्रॉडक्शन्स’, आणि १९९१ मध्ये ‘डस्ट अँड ड्रीम्स’ स्वतः बाहेर काढला, अमेरिकेतल्या दुष्काळानं घरदार सोडून निघालेल्या शेतकरी कुटुंबाच्या कादंबरीवरून, स्टाइनबेकच्या. १९९६ ला ‘हार्बर ऑफ टीअर्स’. वडील गेल्यावर त्यानं आपल्या घराण्याची मुळं शोधली ती आयर्लंडपर्यंत गेली, कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरापर्यंत, जिथून लाखो लोक पोटासाठी जहाजात बसून गेले आणि बरेचसे परत कधी आलेच नाहीत. शेवटचं गाणं वडिलांसाठी आहे, त्यात संगीत संपल्यावर कितीतरी वेळ नुसत्या लाटा ऐकू येत राहतात. माझे वडील गेले त्या वर्षी मी ते शेवटपर्यंत ऐकायचो, लाटांसकट.

आणि १९९९ चा ‘रजझ’. रजझ म्हणजे जुन्या अरबी कवितेतलं वृत्त, उंटाच्या चालीवरून आलं असं मानतात, वाळवंटात तांडा चालत राहावा म्हणून त्या लयीत गायचं. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा जात्यावरची ओवी आठवली, दगड फिरतोय त्या लयीत शब्द येतायत आणि शब्दांमुळं हाताला बळ येतंय. ज्या बँडचं नावच उंट आहे त्यानं २८ वर्षांनी त्या चालीकडं यावं आणि इतकं शांत, भरलेलं काम करावं. या वयात असं वाजवणारे किती होते तेव्हा, सांगा.

लॅटिमरला १९९२ मध्येच रक्ताचा आजार निघाला होता. तो पुढं वाढत गेला आणि २००७ मध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागलं. त्यातून उठायला त्याला वर्षं लागली, आम्ही चाहते धरून चाललो होतो की आता वाजवणं संपलं. २०१३ मध्ये तो परत स्टेजवर आला आणि आला तो ‘स्नो गूज’ घेऊन, अल्बमही परत नव्यानं रेकॉर्ड केला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये परत त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, जिथं ४३ वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्राबरोबर उभा होता, त्यानं पूर्ण ‘मूनमॅडनेस’ वाजवला. म्हणून ‘त्या काळात होते’ हेही चूक आहे.

कॅमलनं पिंक फ्लॉइडएवढ्या रेकॉर्ड विकल्या नाहीत हे मलाही माहीत आहे, त्यांना स्टेजवर वेश घालून येणारा गायक नव्हता, त्यांच्यातल्या कुणाचा आवाज फार मोठाही नव्हता, लॅटिमर तर जवळजवळ कुजबुजत गातो. पण तुमचा लेख वाचून एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या पोरानं मोबाइलवर प्रोग्रेसिव्ह रॉक शोधलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर कसरत पडली तर तो परत फिरकणार नाही. त्याला ‘फ्रिथा अलोन’ सांगा. दोन मिनिटंही लागत नाहीत आणि इंग्रजी यावं लागत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या एखाद्या रविवारी कॅमलवर स्वतंत्र लेख द्यावा, लेखक तुमचाच असू दे. तारखा, अल्बमची नावं, कोण कधी आलं कोण कधी गेलं हे सगळं मी वहीत लिहून ठेवलेलं आहे, हवं असेल तर झेरॉक्स काढून पाठवतो, आणि ती हॉस्टेलची कॅसेटही अजून आहे, तिचा फोटो लागला तर तोही पाठवीन.

आपला,
एक जुना वाचक, सांगली