गोराईच्या वाडीतल्या सरपणासाठी, मनापासून थँक्यू

अगं, फोनवर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, गोराईची माझी मैत्रीण एवढंच, ओळखायचे ते ओळखतीलच.

यंदाचा मसाला झाला. वेसाव्यात (वर्सोव्यात) आमच्या घरामागे आईची चूल मार्चच्या शेवटी पेटली ती मे अर्धा होईपर्यंत चालू होती आणि जवळजवळ सगळं जळण तुमच्या वाडीतलं होतं. गल्लीतल्या बायका पण आमच्याच चुलीवर भाजून गेल्या, म्हणजे तुझी लाकडं किती घरांच्या कालवणात पोचलीत बघ.

मुंबईत सरपण मिळणं काय असतं हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. वखारीत गेलं की पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या मिळतात, खिळे असलेल्या, नाहीतर फर्निचरवाल्यांचे प्लायवूडचे तुकडे, त्यांना गोंद, सनमायका, रंग सगळं चिकटलेलं. असलं भंगार लाकूड बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जातं म्हणून तर हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्या असं सांगितलं, आणि मला तो आदेश बरोबरच वाटतो, रंगाचा धूर नाकात गेला की कळतं. आई तर प्लायवूडचा तुकडा चुलीजवळ येऊ देत नाही. समुद्रातून वाहून आलेलं खारं लाकूड पण नाही. गॅसवर भाजून बघ असं सगळे सांगतात, पण मोठ्या कढईला आच चारी बाजूंनी लागते ती चुलीवरच, आणि धण्यांनंतर खसखस घ्यायची तर एक लाकूड मागे ओढलं की आच उतरते, तो तिचा हात बसलेला आहे. मिरच्या उन्हात कडक वाळवून ठेवलेल्या असतात, त्यांना फक्त शेक द्यायचा असतो, जरा जास्त झालं की रंग काळपट. लाकूड ओलं असेल तर आच धड लागत नाही आणि धूर सगळा मसाल्याला लागतो, वर्षभर तोच वास.

म्हणून दिवाळीनंतर तुझा मेसेज आला, 'झाडं पाडतोय, लाकूड हवंय का', तेव्हा मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. तुमच्या पश्चिमेच्या कुंपणाची सुरूच्या झाडांची रांग १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळापासून घराकडे कलली होती हे मला माहीत होतं, दर पावसाळ्यात तुम्ही मागच्या खोलीत झोपत नव्हता. वॉर्डच्या उद्यान खात्याकडे तू किती खेटे घातलेस ते पण माहितीये, कारण आपल्या जागेतलं झाड असलं तरी १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि तू एक फांदीसुद्धा कागद हातात येईपर्यंत तोडू दिली नाहीस.

पण मला जे नंतर तुमच्या दादाकडून कळलं ते मी इथे लिहिणारच. झाड तोडणारा माणूस लाकूड स्वतः घेऊन जातो आणि त्या हिशोबाने मजुरी कमी लावतो. तू त्याला सांगितलंस लाकूड इथेच राहणार, आणि वरचे पैसे स्वतः भरलेस. मला एका शब्दाने बोलली नाहीस. आम्ही सगळे 'फुकट मिळालं, फुकट मिळालं' करत होतो आणि ते फुकट नव्हतंच गं.

आणि तुमच्याकडचे काका! त्यांच्याबद्दल किती लिहू. चेन सॉ फक्त दादाच्या हातात, बाकी कोणी बोट लावायचं नाही, आणि चपला घालून आलेल्याला कुऱ्हाड मिळणार नाही, बूट घालून या, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. मग दादाने खोडाचे हातभर लांबीचे ओंडके पाडले, आमच्या चुलीच्या तोंडाचं माप मी सुतळीने घेऊन आले होते तेवढेच. काका म्हणाले आत्ताच फोडून घ्या, ओलं आहे तोवर फुटतं, वाळलं की सुरू दगडासारखा होतो. ओंडका उभा ठेवायचा, वरच्या तोंडावर बारीक तडे कुठे गेलेत ते बघायचं आणि कुऱ्हाड त्याच रेषेत टाकायची, गाठ असेल तिकडे जायचंच नाही, गाठीच्या बाजूने लोखंडी पाचर ठोकून घणाने उघडायचं. जुना टायर ओंडक्याभोवती घातला की फुटलेले तुकडे पायावर उडत नाहीत, ही तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. माझ्या भाच्याला त्यांनी मागे उभं राहून हात धरून शिकवलं, वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस, उन्हात, कोणावर न ओरडता.

वाडीतल्या मोडलेल्या आंब्याचं लाकूड पण तुम्ही वेगळं रचून दिलंत. आईला ते फार कामाला आलं. सुरू जोरात पेटतो, ओला असला तरी पेटतो, त्याची आच कडक, मोठ्या कढईतले धणे आणि हळकुंडं त्याच्यावर, आणि खसखस, तीळ, नाजूक काय ते आंब्यावर. पेटवायला सुरूची वाळलेली सुई आणि नारळाच्या झावळ्या, रॉकेलचा थेंब लागला नाही. आणि कुंपणाची कण्हेर छाटली होती त्याची एक काडी जरी ढिगात आली तरी काका उचलून बाजूला टाकायचे, तिचा धूर विषारी असतो, खायच्या वस्तूखाली तर अजिबात नको. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

एवढं करून तुम्ही लाकूड ठेवूनही घेतलंत. आमच्याकडे वेसाव्यात पाय ठेवायला जागा नाही, तुला ठाऊक आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ अर्धं पाणी असू शकतं, नीट जळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यायला लागतं, आणि त्याला वेळ आणि वारा दोन्ही हवं. तुम्ही विटांवर रचलंत, एक थर उभा एक आडवा, वर पत्रा, बाजू मोकळ्या, समुद्राचा वारा आरपार. मला वाटलं होतं आता मार्चपर्यंत विषय संपला, पण तू मधेमधे वरचं खाली खालचं वर करत होतीस, फोटो पाठवत होतीस, टोकांना तडे गेले बघ, साल सुटायला लागली बघ. एका रात्री अवकाळी आली तेव्हा उठून ताडपत्री टाकलीस, सकाळी तुझा फक्त मेसेज, 'कोरडं आहे, काळजी करू नको'. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखण वाजायला लागली तेव्हा त्याचा व्हॉइस मेसेज पाठवलास, तो आईने जपून ठेवलाय, येईल त्याला ऐकवते.

आणायचं कसं हा एक प्रश्नच होता. मढ ओलांडलं की पुढे मनोरी-गोराई, समोर दिसतं, पण मार्वेच्या फेरीत टेम्पो चढत नाही, मग उत्तन, भाईंदर, तिकडून हायवेने दहिसर, अंधेरी असा सगळा वळसा. दादाने टेम्पो चालवला, परवानगीच्या कागदाची झेरॉक्स पुढे काचेला लावली, डिझेलचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच. गल्लीत टेम्पो शिरत नाही म्हणून शेवटचं डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, त्यात पण तो होता.

आई पहिल्या दिवशी चुलीपुढे बसली, थोड्या वेळाने म्हणाली, 'डोळं नाय चुरचुरले गो आज.' तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर धुराला नको म्हणतात, आणि ती ऐकत नाही, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. यंदा मला तिच्याशी भांडावं लागलं नाही. हे तुझ्यामुळे, आणि ह्याच्यासाठी मी कायम तुझी ऋणी आहे.

मसाल्याच्या बरण्या दादाकडे दिल्यात. तू गूगल पे केलेले पैसे मी परत पाठवलेत, आता पुन्हा करू नकोस, आई खरंच चिडेल. काकांची बरणी वेगळी आहे, झाकणावर लाल दोरा बांधलाय, त्यात लवंगी कमी आहे, त्यांना तिखट झेपत नाही हे आईने लक्षात ठेवलं होतं.

पाडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपं लावायची आहेत ना तुम्हाला, पाऊस नीट सुरू झाला की सांग, आम्ही सगळे येतो, खड्डे खणायला भाचा आणि त्याचे मित्र तयार आहेत. काकांना भेंडी आणि करंज हवेत ना, ते घराच्या भिंतीपासून लांब लावू. जेवणाचं काही करू नका. तेव्हा मासेमारीला बंदी असेल, ताजी मासळी नसणार, पण आई सुके बोंबील आणि जवळा घेऊन येतेय, नवा मसाला घालून तिकडेच करणार आहे.