पेटीवरचा मार्का

देवगड, 28 मे

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवतोस. अंगठा म्हणजे वाचलं की नुसतं बघितलं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून कागदावर लिहितोय. शेवटची गाडी परवा गेली. पेंढ्यातल्या आढीत पिकायला ठेवलेले आता थोडेच आंबे उरलेत, तेही घरात खायला. हात रिकामे आहेत, आणि डोक्यात आठ दिवसांपासून तू फोनवरच्या तुझ्या पानावरून विकलेली ती आंब्याची पेटी घोळते आहे.

तुझ्या आत्याने डोंबिवलीहून फोटो पाठवला. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. ताटलीत कापलेला आंबा, कोयीजवळ पांढरट, रबरासारखा भाग. खाली त्या बाईंचा मजकूर: "थेट बागेतून देवगड हापूस म्हणून घेतला. आंब्यावर स्टिकर नाही, आतून साका." त्याखाली तू त्यांना दिलेलं उत्तर, "पैसे परत मागायची नवी पद्धत दिसतेय." मग तू त्यांची कमेंट काढून टाकलीस, त्यांना ब्लॉक केलंस आणि समजलास की विषय संपला. त्यांनी त्याआधीच फोटो काढून ठेवला होता. दोन तासांत तो फिरत फिरत माझ्या बहिणीच्या फोनवर आला. तिने विचारलं, "दादा, ही आपलीच पेटी ना?"

मी "हो" म्हणालो. रात्री आईने सांगितलं की ती आपली नव्हतीच.

आपली गाडी घाटात अडकली, ऑर्डरी तोंडावर आल्या, म्हणून तू रत्नागिरीच्या मित्राकडून पुण्यातच तीस पेट्या उचलल्यास आणि आपलं नाव चिकटवून पाठवल्यास. आता नीट ऐक. रत्नागिरीच्या आंब्याला मी नावं ठेवत नाही. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाचही जिल्ह्यांना मिळून. तोही हापूसच. कर्नाटकातला माल देवगडच्या नावाने खपवणाऱ्यांच्या ओळीत मी तुला बसवत नाही. पण तुझ्या पानावर मोठ्या अक्षरात काय आहे? "आमच्या बागेतून थेट तुमच्या घरी." ती बाई आंब्याचे पैसे देत नव्हती, त्या वाक्याचे देत होती.

आणि स्टिकरचं तू विसरलास कसा? 2025 च्या हंगामापासून तालुक्याच्या आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला, तो नेमका याच भेसळीसाठी. आपण दोघांनी पडवीत बसून ते चिकटवलेत, तुझ्या बोटांना डिंक लागला म्हणून तू कुरकुरत होतास. गिऱ्हाईक आता तो क्रमांक तपासून बघतं. तुझ्या तीस पेट्यांवर तो नव्हता.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुला माहीत नाही. मी सोळा वर्षांचा असेन. फळबाजार तेव्हा क्रॉफर्ड मार्केटात होता, वाशीला नंतर गेला. पेट्या भरायचं काम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. मी हुशारी केली. वरच्या थरात टपोरी फळं, खाली बारीक, पेंढा जरा जास्त. पाच डझनी म्हणून भरलेल्या, पण खालचं फळ सहा डझनी पेटीतलं. ट्रक दारात उभा. आजोबांनी सहज एक पेटी उघडून खाली हात घातला, दोन फळं तळहातावर घेऊन वजन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "काढ भायर सगळा." कंदिलाच्या उजेडात बेचाळीस पेट्या पुन्हा भरल्या. ड्रायव्हर शिव्या देत खाटेवर झोपला. पेटीवर आपला मार्का स्टेन्सिलने मारलेला असायचा, तोच तू आता लोगो म्हणून गोल चकतीत लावला आहेस. दलाल तो मार्का बघून पेटी न उघडता भाव बोलायचा. आजोबांना भीती कायद्याची नव्हती, पुढच्या पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या हिशेबाची होती.

तू या धंद्यात उतरलास तेव्हा मी नाखूश होतो, हे कबूल. आता नाही. दलालाच्या पट्टीत दलाली, हमाली, भाडं वजा जाऊन हातात काय उरायचं ते मी तीस वर्षं बघितलं. तू फोनवरून जो भाव मिळवलास तो मला कधी मिळाला नाही. फरक एवढाच की दलालाशी खटका उडाला तर तो दलालाच्या गाळ्यात राहायचा. तुझा खटका अकरा हजार लोकांसमोर उडतो, आणि त्यातले निम्मे आंबा न खाताच मत देतात. त्यामुळे उत्तर देण्याआधी उठून पाणी पिऊन ये. मी थट्टा करत नाही.

साक्याचंच घे. खरं उत्तर तुझ्याकडे होतं. साका बाहेरून ओळखता येत नाही, रंग, वास, देठ सगळं उत्तम असतं. फळ झाडावर जास्त पिकू दिलं, काढल्यावर तापल्या कातळावर ठेवलं की तो वाढतो. म्हणून आपण रुपयातले चौदा आणे तयार झालेलं फळ सकाळच्या गारव्यात झेल्याने, जाळी लावलेल्या काठीने, काढतो आणि लगेच सावलीत नेतो. एवढं करूनही एखाद्यात निघतोच. हे चार ओळींत लिहिलं असतंस, "ताई, तेवढे आंबे बदलून देतो" म्हटलं असतंस, तर त्याच सोसायटीतून पुढच्या वर्षी दहा पेट्यांची मागणी आली असती. पण हे लिहायला आंबा आपल्या बागेतला असावा लागतो. तो कधी काढला, कुठे ठेवला, हे तुलाच ठाऊक नव्हतं. म्हणून तू चिडलास. खोटं बोललेला माणूस आधी चिडतो, हे मी त्या बेचाळीस पेट्यांच्या रात्री स्वतःवरून शिकलो.

परवा तुझं सगळं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. आईने चष्मा पुसून दिला. "100 टक्के सेंद्रिय" हे कुठून आणलंस? मोहोरावर तुडतुडा आला तेव्हा फवारणीचा पंप तुझ्याच पाठीवर होता. प्रमाणपत्राची गोष्ट नंतरची, आधी ते खरं तर हवं. सांगण्यासारखं खरं आपल्याकडे आहे की! आपला आंबा पेंढ्यात, आढीत पिकतो. कार्बाइडची पुडी या घरात कधी आली नाही, आणि त्याने पिकवलेलं फळ विकायला देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतच बंदी आहे. हे लिही.

आणि पुण्यातली ती रीलवाली मुलगी. तिला दोन पेट्या फुकट पाठवल्यास, हरकत नाही. पण तिने म्हटलं काय? "शुगरवाल्यांनीही बिनधास्त खा." अरे, माझी साखर तुला माहीत आहे. घरच्या आंब्याच्या दोन फोडी खातो त्या आई मोजून देते. कोणी त्या मुलीचं ऐकून डझनभर खाल्ले तर? तुझ्या काकांच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, फुकट वस्तू घेऊन कौतुक केलं तरी ती जाहिरातच, आणि तसं स्पष्ट सांगावं लागतं. जानेवारी 2023 पासून सरकारच्या सूचनाच आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि तो तिच्यासारख्या बोलणाऱ्यालाही होऊ शकतो. इतक्या रकमेत आपली बाग कलमांसकट जाईल. ते रील आजच काढायला सांग.

दुसरं, तू "आजच्या ऑर्डरी" म्हणून कागदाचा फोटो टाकतोस. लोकांना कळावं किती मागणी आहे, बरोबर? मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. कोथरूडच्या एका बाईंचं नाव, इमारत, मजला, फोन नंबर, सगळं वाचता आलं. एकट्या राहणाऱ्या असतील तर? लोकांनी पत्ता आंब्यासाठी दिला, दाखवायला नाही. यासाठीही 2023 मध्ये कायदा झाला आहे म्हणे, पण कायदा नसता तरी तुझ्या आईचा पत्ता कोणी असा टांगलेला तुला चालला असता का? गुरख्याची पोरगी आंब्याच्या ढिगावर बसलेली, ती रीलही मला आवडली नाही. गोड आहे, खरं. पण तिच्या बापाला विचारलं होतंस? तो बिचारा मालकाच्या मुलाला नाही म्हणणार नाही, म्हणून तर विचारताना जास्त जपायचं.

आता नागपूरच्या गृहस्थांचं. त्यांचा फोन मला आला, कारण पेटीच्या फोटोवर माझा नंबर दिसतो. कोणीतरी तुझेच फोटो उचलून, नावात एक अक्षर बदलून दुसरं पान काढलंय. "चार डझन फक्त 999." त्यांनी पाच पेट्यांचे पैसे भरले आणि त्यानंतर समोरचा गप्प. ते माझ्यावर ओरडले, मी ऐकून घेतलं. मग त्यांना 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन करायला सांगितलं. लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी बँकेत अडवता येतात. आईचं म्हणणं, त्यांना एक पेटी आपण पाठवावी. माझं म्हणणं नाही, कारण असे अजून किती निघतील सांगता येत नाही. आमचं अजून ठरलेलं नाही. तू मात्र तुझ्या पानाच्या अगदी वर लिहून ठेव की पैसे या एकाच खात्यावर घेतो, दुसरीकडे भरू नका. आणि ते खोटं पान बंद होईपर्यंत रोज तक्रार कर. एकदा करून सोडू नकोस.

उलट्या बाजूचं तुला माहीत असेलच, तरी लिहितो. बाजूच्या वाडीतल्या एकाला "मी लष्करात आहे, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात" असा फोन आला. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. याने टाकला, खातं रिकामं झालं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढं त्याला त्या क्षणी आठवलं नाही. मोठी ऑर्डर ऐकून माणूस हुरळतो. "तुमच्या पानावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे दाबा" असा निरोप आला तर तोही तसलाच समज, आणि ओटीपी मलासुद्धा सांगू नकोस.

तुझं ते पान म्हणजे आपला सातबारा नव्हे, हेही ध्यानात ठेव. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, तेव्हा आपल्या गावातली ती नाचणारी पोरं कशी बसली होती आठव. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सहा तास बंद होतं. ते हंगामात झालं असतं तर पिकत आलेला आंबा थांबला नसता. गिऱ्हाइकांची वही ठेव, साधी, कागदाची, आणि ती कपाटात कुलपात ठेव.

आई आंबापोळीचंही पान काढा म्हणते. तिला सांग, आधी अन्नपरवान्याची नोंदणी, वेष्टनावर नंबर, वजन, तारीख, मगच फोटो. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

आता काम. त्या तीस पेट्या कोणाकोणाला गेल्या त्यांची यादी तुझ्याकडे असेल. प्रत्येकाला स्वतः फोन कर, मेसेज नाही. सांग की तो आंबा रत्नागिरीचा होता, आमचा नव्हता, पैसे परत हवे असतील तर देतो. काही जण म्हणतील, "आम्हाला काय, गोड होता." म्हणू देत. डोंबिवलीच्या बाईंना सगळ्यात आधी कर. त्या फोन उचलणार नाहीत, तू ब्लॉक केलं आहेस त्यांना. आत्याला बरोबर घेऊन जा, ती त्यांच्या मजल्यावरच्या एकीला ओळखते.

त्या बाईंसाठी मोठ्या कलमाचे दोन डझन आढीत बाजूला काढलेत. रविवारी एसटीने येतोय, घेऊन येईन. स्टिकर लावलेत, या वेळी माझ्या बोटांना डिंक आहे. सोबतची चिठ्ठी तू तुझ्या हाताने लिही: मंगळवारपर्यंत पिकतील, एखाद्यात साका निघू शकतो, निघाला तर कळवा.

तुझे,
बाबा