ॲस्ट्रोडोम कालबाह्य झाला नव्हता

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बंद पडलेल्या क्रीडागारांवर जो लेख आला, त्यात ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमला जेमतेम तीन ओळी मिळाल्या आणि त्यांतली एक ओळ अशी, की हे स्टेडियम 'कालबाह्य झाल्यामुळे ओस पडले'. मी १९८४ पासून या शहरात राहतो. ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाचे आणि ऑयलर्स या अमेरिकी फुटबॉल संघाचे सामने मी तिथे अनेक वर्षे तिकीट काढून पाहिले आहेत. ती ओळ वाचून राहवले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

१९६५ साली उघडलेले हे छताखालचे पहिले मोठे स्टेडियम. ह्यूस्टनचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा घामट, आणि डोम बांधून होईपर्यंत शेजारच्या तात्पुरत्या मैदानावर जे सामने होत, तिथले डास हा जुन्या प्रेक्षकांच्या गप्पांचा कायमचा विषय होता. १९८७ च्या उन्हाळ्यात माझे वडील सांगलीहून आले, तेव्हा मी त्यांना ॲस्ट्रोजच्या सामन्याला नेले. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. बेसबॉलचे नियम मी समजावत होतो आणि ते मान वर करून छताकडेच पाहत होते. तिसऱ्या इनिंगच्या सुमारास त्यांनी विचारले, "अरे, खांब कुठे आहेत?" ६४२ फुटांचा तो घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वर पाहिले. त्या दिवशी ॲस्ट्रोजच्या फलंदाजाने होम रन मारला, म्हणजे चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवला, तशी समोरच्या भिंतीवरची ४७४ फूट लांबीची धावफलकाची पाटी पेटली. दिव्यांचे काउबॉय पिस्तुले झाडू लागले, बैल नाकातून वाफा सोडू लागले, आणि वडील लहान मुलासारखे उठून उभे राहिले.

डोममध्ये दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत क्षेत्ररक्षकांना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून पहिल्याच वर्षी ती रंगवावी लागली. रंगवल्यावर खालचे गवत मेले, आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम हिरवळ आली, जी याच वास्तूच्या नावावरून 'ॲस्ट्रोटर्फ' म्हणून जगभर पोहोचली. दोन खेळ एकाच जागी बसवण्याची ओढाताण तर कायमचीच होती. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे उघडत जाते आणि फुटबॉलचे लांबट चौकोनी असते. त्यामुळे खालच्या प्रेक्षागृहाचा काही भाग रुळांवर सरकवावा लागे आणि तरीही गोल इमारतीत फुटबॉलच्या कडेला बसलेला माणूस खेळापासून लांबच राहत असे. हे सारे मी अनुभवले आहे. तरीही बंद छताखाली आवाज असा घुमे, की ऑयलर्सविरुद्ध खेळणाऱ्या संघाला आपल्याच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल ठरवणाऱ्या खेळाडूच्या, सूचना ऐकू येत नसत. १५ ऑक्टोबर १९८६ रोजी ॲस्ट्रोजचा न्यूयॉर्क मेट्सविरुद्धचा सामना नेहमीच्या नऊऐवजी सोळा इनिंग, म्हणजे ४ तास ४२ मिनिटे चालला. चौदाव्या इनिंगमध्ये ॲस्ट्रोजच्या बिली हॅचरने मारलेला चेंडू डाव्या बाजूच्या, हद्द दाखवणाऱ्या फाउलच्या खांबाला लागून होम रन ठरला आणि बरोबरी झाली, तेव्हा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारलेली आजही आठवते. शेवटी मेट्सनी ७-६ असा विजय मिळवला. त्या दिवशी ही वास्तू एकवीस वर्षांची होती आणि तिला कोणी जुनी म्हणत नव्हते.

मग पडझड कशामुळे झाली, तर पुढच्याच वर्षीच्या एका मागणीमुळे. ऑयलर्सच्या मालकांनी जागा अपुरी पडते असे सांगून संघ फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला हलवण्याची तयारी दाखवली, आणि परगण्याच्या प्रशासनाने घाबरून सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर खर्चून डोम वाढवायला घेतला. दहा हजार खुर्च्या बसवण्यासाठी १९८८ मध्ये तो धावफलक उतरवला गेला. वडिलांना मी हे पत्राने कळवले, तेव्हा त्यांनी उत्तरात फक्त "वाईट केले" एवढेच लिहिले होते. ज्या पाटीसाठी माणसे लेकराबाळांना घेऊन येत, तिच्या जागी आता खुर्च्यांच्या रांगा दिसू लागल्या, आणि बेसबॉलच्या सामन्यांना त्यांतल्या बहुतेक रिकाम्या असत. इतके करूनही ऑयलर्स थांबले नाहीत. १९९६ चा हंगाम आटोपून ते टेनेसीला निघून गेले. त्याआधी, ऑगस्ट १९९५ मध्ये, हिरवळीचे सांधे खेळाडूंसाठी धोक्याचे आहेत म्हणून ऑयलर्सचा चार्जर्स या फुटबॉल संघाविरुद्धचा सराव सामना ऐन वेळी रद्द करावा लागला होता. ज्या वास्तूवर इतका पैसा ओतला गेला, तिथे पायाखालचा गालिचा धड नसावा, याला वय हे कारण होऊ शकत नाही. १९९९ नंतर ॲस्ट्रोजही शहराच्या मध्यभागातील नव्या मैदानावर गेले.

वास्तू अजून कामाची होती याचा पुरावा सप्टेंबर २००५ मध्ये मिळाला. कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सहून बेघर झालेली हजारो माणसे त्या मैदानावर खाटा टाकून राहिली. मी आणि पत्नी तिथे टॉवेल आणि साबण वाटायला जात होतो. एका आजीबाईंची खाट जिथे होती, तिथे पूर्वी पिचरचा, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचा, उंचवटा असे.

२००९ पासून डोम लोकांसाठी बंद आहे. २०१३ च्या मतदानात २१ कोटी ७० लाख डॉलरच्या नूतनीकरणाच्या योजनेला मतदारांनी नकार दिला. मी होकार दिला होता आणि आजही देईन. त्याच सुमारास आतल्या खुर्च्या विक्रीला काढल्या गेल्या. २०१४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदीत आणि २०१७ मध्ये टेक्सास राज्याच्या संरक्षित वास्तूंत तिचे नाव आल्याने आता कुणाला मनात आले म्हणून ती पाडता येणार नाही, ही समाधानाची बाब आहे. परंतु २०१८ मध्ये मंजूर झालेली १० कोटी ५० लाख डॉलरची योजना पुढे बारगळली, आणि 'कालबाह्य' हा शब्द पाडण्याच्या बाजूचे लोक इथे रोज वापरतात. तोच शब्द मराठी वाचकांपर्यंत शहानिशा न होता पोहोचावा, याचे मला वाईट वाटले.

माझे म्हणणे साधे आहे. इतके मोठे, बिनखांबी आणि सावलीचे छत आयते उभे असताना त्याखाली शहराने प्रदर्शने, जत्रा आणि मुलांचे खेळ भरवावेत, आणि वादळाच्या दिवसांत तिथे आसरा द्यावा. आपल्या पुरवणीत या वास्तूविषयी पुन्हा लिहिले जाईल, तेव्हा १९८८ मध्ये उतरवलेला तो धावफलक आणि त्याच्या जागी आलेल्या दहा हजार खुर्च्या यांची हकिगतही त्यात यावी, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास