लंबक काढू नका

रविवारच्या पुरवणीतील जुन्या उभ्या घड्याळांवरचा लेख आवडला. मात्र बंद पडलेल्या घड्याळात सेलवर चालणारे यंत्र बसवावे, हा त्यातील सल्ला पटला नाही. या घड्याळांची उंची शोभेसाठी नाही. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले आणि दिवसाला पंधरा मिनिटांची चूक काही सेकंदांवर आली. पण सुरुवातीचे लंबक आखूड होते, त्यांचा झोका मोठा होता. १६७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये जहाजाच्या नांगराच्या आकाराची खीळ (दर झोक्याला चाकाचा एकेक दाता पुढे सोडणारा भाग) वापरात आली, झोका काही अंशांपुरता उरला आणि सुमारे ९९ सेंटिमीटरचा, सेकंदाला एक हेलकावा घेणारा लंबक अरुंद पेटीत मावू लागला. त्या लंबकासाठी आणि आठवडाभर सावकाश खाली उतरणाऱ्या वजनांसाठीच ती उंच पेटी. यंत्र काढले की उरते ते अडगळीचे कपाट!

शिवाय अशी घड्याळे अनेकदा सुकलेल्या तेलामुळे किंवा जमीन समपातळीत नसल्याने थांबतात. झिजलेले चाकही कुशल कारागीर नव्याने कापून देतो. पुरवणीने अशा कारागिरांची माहिती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा