शुक्रवारच्या आधी

प्रिय पक्या,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही आणि आज एकदम पत्र. रागाव, पण आधी वाच. तब्येत ठीक. डाव्या कानाच्या पडद्याला लहानसं भोक पडलंय, भरेल म्हणालेत. आईला पाय घसरून पडलो असं सांगितलंय.

मार खाल्ला रे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मंगळवारी रात्री पावणेबाराला सव्वीस वर्षांचा मुलगा आला. मोनोक्रोटोफॉस, फवारणीचं कीटकनाशक प्यालेला. थोरल्या भावाने टमटममध्ये घालून आणला, रिकामी बाटली खिशात. स्टमक वॉश झाला, उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू केलं, छाती कोरडी झाली. वाटलं, हाताशी लागला. पण श्वास टिकेना. ट्यूब टाकली. आमचा एकुलता एक व्हेंटिलेटर आधीच एका म्हाताऱ्या बाबांना लावलेला. 108 मागवली, तर ती दुसरा पेशंट सोडायला गेलेली. सिस्टर लेबर रूममध्ये, वॉर्डबॉय मामा रक्त आणायला, आमची इंटर्न अपघातवाल्याला टाके घालतेय. तेवढ्यात फिट आलेलं मूल आलं. मी अंबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची ती पिशवी, त्या भावाच्या हातात दिली. ‘दाबा, सोडा, मनात एक-दोन-तीन म्हणा, परत दाबा.’ पाऊण तास तो माणूस मान वर न करता दाबत राहिला.

मुलगा गेला. मी सीपीआर थांबवलं, तेव्हाही बॅग भावाच्या हातातच होती. त्याने विचारलं, ‘माझं काही चुकलं का, साहेब?’

आणि मी म्हणालो, ‘थांबा जरा,’ आणि त्या फिटवाल्या मुलाकडे वळलो. पक्या, ते मूल निळं पडत होतं, मी काय करणार होतो? पण वळलो. मग भावाची कानाखाली बसली. नंतर सलाइनचा स्टँड, मग काच. बाहेरचे चार-पाच जण आत घुसले. इंटर्न मध्ये पडली, तिच्या तळहाताला सहा टाके.

आता त्या भावाला अंत्यविधीसाठी घरी सोडलंय. आमचे वरचे साहेब म्हणतात, मिटवा. फौजदार म्हणतो, लिहून द्या, डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा 2010चा कायदा लावतो. तुला पाठच आहे तो, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीची दुप्पट भरपाई. दुप्पट कशातून भरणार तो? धाकट्याने औषध घेतलं तेच कर्जापायी.

‘मिटवा’ हा शब्द ऐकला आणि तू आठवलास. मार्च 2017. धुळ्यातल्या त्या रेसिडेंट डॉक्टरला पेशंटच्या नातेवाइकांनी मारलं, डोळ्याला जबर मार लागला, सगळे सामूहिक रजेवर गेले, आणि त्याच आठवड्यात तशाच मारहाणीत तुझीही भुवई फुटली. तू तक्रार लिहून तयार होतास. मीच म्हणालो, परीक्षा तोंडावर आहे, कोर्टाच्या चकरा कोण मारणार? तू अर्ज फाडलास आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नवव्या दिवशी चहाला आलास आणि जाताना माझा स्टेथो घेऊन गेलास, तो आजतागायत परत नाही. तो ठेव तुझ्याकडे. पण तेव्हा तुझ्या टाक्यांकडे बघत मी परीक्षेचं बोललो, ते चुकलं माझं. ती भीती माझी होती, शहाणपण म्हणून तुझ्या गळ्यात घातली.

एकट्या माझ्या कानाचा प्रश्न असता तर मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं असतं, ‘तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही नीट दाबत होता.’ ते सांगायला तर जायचंच आहे. पण काल ती पोर पट्टी बांधलेल्या हाताने ड्यूटीला आली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही लिहून देणार ना?’ ऑगस्ट 2024मध्ये कोलकात्यात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून खून झाला, तेव्हा तिच्या घरच्यांनी परत ये म्हटलं होतं; भांडून राहिली इथे. तिला मी ‘परीक्षा आहे’ म्हणून सांगू? आणि लिहून दिलं, तर सही त्या भावाविरुद्ध होईल. व्हेंटिलेटर एकच का, रात्री माणसं चारच का, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. दोन रात्री झोप नाही. डोळा लागला की एक-दोन-तीन ऐकू येतं.

तुझ्या दवाखान्याचा वरचा मजला झाला का? छकुलीला दहावीला किती पडले? वहिनींना नमस्कार.

जबाब शुक्रवारी अकराला आहे. हे कागदावर लिहिलंय, फोटो काढून पाठवतो. त्याआधी फोन कर. तेव्हा तू अर्ज फाडलास, त्याचं पुढे तुला काय वाटत राहिलं, ते मला सांग. खरं सांग.

तुझा,
बापू